मृत्यूपासून मोजलेली वर्षं

बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ १९४७ साली आला. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ त्याच्या पाच वर्षं आधी, १९४२मध्ये. यांतला नंतर आलेला संग्रह आज कुणीही छापावा, त्यातल्या कवितेला चाल लावावी, तिचा अनुवाद करावा. परवानगीचं पत्र लिहायची गरज नाही. आधी आलेल्या संग्रहाला ही मोकळीक १ जानेवारी २०६० रोजी मिळेल. या फरकाचं कारण दोन्ही पुस्तकांची पानं चाळून सापडणार नाही. ते कवींच्या मृत्यूच्या तारखांमध्ये आहे. मर्ढेकर १९५६ साली गेले तेव्हा अवघे ४६ वर्षांचे होते. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, सत्त्याऐंशी वर्षांचं आयुष्य जगून. आपला कायदा म्हणतो, लेखक हयात असेपर्यंत आणि तो गेला ते वर्ष संपल्यावर आणखी ६० वर्षं कॉपीराइट राहील. म्हणजे ‘काही कविता’ला ६९ वर्षांचं संरक्षण मिळालं आणि ‘विशाखा’ला ११७ वर्षांचं मिळणार आहे.

हा हिशेब एकदा मांडून पाहिला आणि मग तो डोक्यातून जाईना. कॉपीराइटची मुदत नेमकी किती असावी, हा वाद निघाला की माणसं लगेच आकड्यावर येतात. कुणी ५० म्हणतं, कुणी ७०. माझी तक्रार आकड्याच्या आधीची आहे. वर्षं मोजायला सुरुवातच चुकीच्या दिवशी होते. लेखकाच्या मागे राहिलेल्यांना आधार मिळावा म्हणून मृत्यूनंतरची वर्षं दिली, असं सांगितलं जातं. पण चाळिशीत गेलेल्या लेखकाच्या मागे शाळेत जाणारी मुलं असतात, आणि नव्वदीत गेलेल्याची मुलं स्वतःच निवृत्त झालेली असतात. दोघांनाही मृत्यूनंतर तेवढीच ६० वर्षं, आणि एकूण संरक्षण बघितलं तर जास्त जगलेल्याच्या पुस्तकाला जास्त. गरज आणि मुदत यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही.

मुळात घड्याळ असं नव्हतं. इंग्लंडमध्ये १७१०चा कायदा झाला, राणी ॲनच्या नावाने ओळखला जाणारा, तेव्हा मुदत पुस्तकाच्या प्रकाशनापासून मोजली जाई: १४ वर्षं, आणि ती संपताना लेखक जिवंत असेल तर आणखी १४. लंडनच्या पुस्तक व्यापाऱ्यांना ही मुदत अर्थातच पटली नाही. त्यांचं म्हणणं, कायदा काहीही म्हणो, लेखकाचा हक्क निसर्गदत्त आहे, तो कायमचा आहे, आणि तो आम्ही विकत घेतलेला आहे. (लेखकाच्या नैसर्गिक हक्काचा कळवळा सर्वांत जास्त कुणाला येतो, हे तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.) एडिंबरोचा अलेक्झांडर डोनाल्डसन मुदत संपलेली पुस्तकं स्वस्तात छापून विकत होता. लंडनवाल्यांनी त्याला कोर्टात खेचलं. १७७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की छापून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर कायमचा हक्क नाही, कायद्याने दिली तेवढीच मुदत. ‘सार्वजनिक झालेलं साहित्य’ ही गोष्ट कायद्याच्या दुनियेत खऱ्या अर्थाने त्या दिवशी पक्की झाली, असं मला वाटतं.

लेखकाच्या मृत्यूला घड्याळ बांधण्याची कल्पना युरोपात वाढली. फ्रान्सने क्रांतीच्या काळात, १७९३मध्ये, लेखकाचं आयुष्य अधिक दहा वर्षं अशी मुदत ठेवली. दहा! पुढे कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, १८८६चा बर्न करार, त्याच्या सुधारणा, आणि त्यांतून मृत्यूनंतर किमान ५० वर्षांचा जागतिक दंडक. युरोपीय संघाने १९९३मध्ये ती ७० वर्षं केली. त्यामागची एक कारणमीमांसा वाचण्यासारखी आहे: लेखकाच्या पुढच्या दोन पिढ्यांना लाभ मिळावा हा हेतू होता, आता माणसांचं आयुर्मान वाढलंय, म्हणून मुदतही वाढवली पाहिजे. पण घड्याळ मृत्यूपासूनच सुरू होत असेल, तर लेखक वीस वर्षं जास्त जगला की मुदत आपोआप वीस वर्षांनी लांबतेच. वाढलेल्या आयुष्याची भरपाई आधीच झालेली असताना ती पुन्हा दिली गेली.

मेकॉलेचं नाव काढलं की आपल्याकडे लोक सावध होतात, आणि त्याला कारणही आहे. पण कॉपीराइटच्या मुदतीवर आजवर झालेलं सर्वांत खणखणीत भाषण त्याचंच आहे. भारतातून परतल्यावर, ५ फेब्रुवारी १८४१ रोजी त्याने ते ब्रिटिश संसदेत केलं. मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण द्यावं असं विधेयक समोर होतं, आपल्या आजच्या कायद्यात आहे तेवढंच. मेकॉले म्हणाला की लेखकांना मोबदला मिळायलाच हवा, आणि त्यासाठी कॉपीराइट हा सर्वांत कमी वाईट मार्ग आहे. पण तो वाचकांवर बसवलेला कर आहे. चांगल्या कामासाठी हे वाईट सोसायचं असेल, तर काम भागल्यावर एक दिवसही जास्त सोसू नये. मग त्याने इंग्रज कवी मिल्टनचं उदाहरण दिलं. मिल्टनच्या महाकाव्यावर प्रकाशक गब्बर झाले होते, त्यावर हक्क सांगत कोर्टात जात होते, आणि त्याच काळात मिल्टनची नात इतकी हलाखीत होती की तिच्यासाठी १७५० साली मदतीचा नाट्यप्रयोग लावावा लागला. हक्क होता, त्यातून पैसाही येत होता, फक्त तो मिल्टनच्या घरात येत नव्हता. ते विधेयक पडलं. १८४२ साली जी तडजोड झाली ती अशी: प्रकाशनापासून ४२ वर्षं, किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षं, यांतलं जे जास्त असेल ते.

मला ही तडजोड आजही आवडते, आणि तिच्याकडे मी परत येणार आहे.

भारतात १९५७च्या कायद्याने मृत्यूनंतर ५० वर्षं ठेवली होती. ५०ची ६० कशी झाली याची गोष्ट छोटी आणि बोलकी आहे. रवींद्रनाथ टागोर ऑगस्ट १९४१मध्ये गेले. त्यांच्या साहित्याचे हक्क त्यांनीच स्थापन केलेल्या विश्वभारतीकडे होते आणि ते १९९१ संपताना सुटणार होते. मुदतवाढीची मागणी झाली आणि वर्ष संपायच्या आत अध्यादेश निघाला. पुढे त्याचं कायद्यात रूपांतर झालं. एका कवीची दहा वर्षं वाढवायची म्हणून देशातल्या प्रत्येक लेखकाची, नावाजलेल्या आणि विस्मरणात गेलेल्या, सर्वांची दहा वर्षं वाढली. १९५०मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २००१च्या आरंभी मोकळं व्हायचं, ते २०११च्या आरंभी झालं. साने गुरुजींनी मुदतवाढ मागितली असती का, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’च्या १९१०च्या इंग्रजी आवृत्तीवर तर ‘कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत’ अशा अर्थाची ओळच छापलेली होती.

एका संस्थेला मदत करायची असेल तर सरळ तिलाच करावी, त्याचाही नमुना आहे. जे. एम. बॅरीने ‘पीटर पॅन’चे हक्क १९२९मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयाला दिले. तेव्हाच्या मुदतीप्रमाणे ते १९८७ अखेर संपले. ब्रिटिश संसदेने सगळ्या देशाची मुदत वाढवली नाही. १९८८च्या कायद्यात खास कलम घालून त्या एका कृतीच्या मानधनाचा हक्क त्या रुग्णालयाला कायमचा देऊन टाकला. तत्त्व म्हणून कुणाला ते विचित्र वाटेल. मला प्रामाणिक वाटतं. ज्याला द्यायचं त्याला दिलं आणि बाकीच्यांच्या पुस्तकांना हात लावला नाही.

मुदत वाढवताना सर्वांत विपरीत गोष्ट घडते ती मेलेल्या लेखकांच्या बाबतीत. कायद्याची एकमेव समर्थनीय सबब अशी की संरक्षण मिळालं तर लोक लिहितील. पण आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस जानेवारी १९४१मध्ये वारला. ब्रिटनमध्ये त्याचं लेखन १९९२च्या आरंभी मोकळं झालं. लोक आवृत्त्या काढू लागले, आणि युरोपची नवी ७० वर्षांची मुदत लागू होताच तेच लेखन पुन्हा कुलुपात गेलं, २०११ अखेरपर्यंत. या मधल्या काळात जॉइसचे वारस अभ्यासकांना अवतरणं वापरू देण्याच्या बाबतीत किती कडक होते, याच्या कहाण्या इंग्रजी साहित्याच्या जगात प्रसिद्धच आहेत. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आणखी वीस वर्षं देऊन त्याच्याकडून एक ओळही जास्त लिहून घेता येत नाही.

अमेरिकेने १९९८मध्ये हेच केलं. तिथल्या सुप्रीम कोर्टात या वाढीला आव्हान दिलं गेलं, तेव्हा सतरा अर्थतज्ज्ञांनी मिळून कोर्टाला निवेदन दिलं. त्यांत केनेथ ॲरो आणि मिल्टन फ्रिडमन दोघंही होते, आणि आर्थिक प्रश्नांवर एरवी विरुद्ध टोकांना असणारे हे दोघं एका कागदावर सही करतात ही बातमीच आहे. त्यांचा मुद्दा व्याजाच्या साध्या गणिताचा होता. आज पुस्तक लिहिलं, लेखक त्यानंतर तीस वर्षं जगला आणि मग ५० वर्षं लोटली, असं धरू. त्या ऐंशीव्या वर्षी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत, सात टक्के दराने, जेमतेम ४५ पैसे होते. एवढ्या रकमेच्या आशेने कोण कादंबरी लिहायला बसेल? २००३मध्ये कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी वाढ कायम ठेवली. मुदत शहाणपणाची आहे की नाही हे ठरवणं आमचं काम नाही, ते कायदेमंडळाचं, असा साधारण सूर होता. आणि कायदेमंडळात काय चाललं होतं? ज्यांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो त्या दिवंगत खासदार सॉनी बोनो यांच्या पत्नी, मेरी बोनो, सभागृहात सांगत होत्या की सॉनी यांना मुदत कायमचीच हवी होती. ते घटनेत बसत नाही म्हटल्यावर चित्रपट उद्योगाच्या प्रतिनिधीचा प्रस्ताव त्यांनी पुढे ठेवला: कायमला एक दिवस कमी.

घर पिढ्यान् पिढ्या वारसांकडे राहतं, मग पुस्तक का नाही, असं मला अनेकांनी विचारलंय. घरात एक कुटुंब राहिलं की दुसऱ्याला राहता येत नाही, म्हणून कुणाचं ते ठरवावं लागतं. कविता दहा हजार लोकांनी पाठ केली तरी पहिल्याची कमी होत नाही. शिवाय घर वापरात नसेल तर निदान ते बाहेरून दिसतं. पुस्तक वापरात नसेल तर दिसेनासंच होतं.

आणि माझ्या दृष्टीने खरा घाव इथे आहे. मुदतीच्या वादात आपण नेहमी खपणाऱ्या पुस्तकांबद्दल बोलतो. पण मोठी मुदत सर्वांत जास्त जाचते ती न खपणाऱ्यांना. अमेरिकेत पूर्वी २८ वर्षांनी हक्काचं नूतनीकरण करावं लागे. थोडी फी, एक अर्ज, एवढंच. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने १९६०च्या सुमारास अभ्यास केला, तेव्हा आढळलं की पुस्तकांच्या बाबतीत जेमतेम सात टक्के हक्कांचं नूतनीकरण होत होतं. उरलेल्या ९३ टक्क्यांच्या मालकांना तो अर्जही भरावासा वाटला नव्हता. आज तशीच पुस्तकं लेखकाच्या मृत्यूनंतर ५०, ६०, ७० वर्षं बंद राहतात, कारण नूतनीकरणाची अट गेली आणि सगळं आपोआप मिळू लागलं. पॉल हील्ड या कायद्याच्या प्राध्यापकांनी ॲमेझॉनवर नवी प्रत मिळणाऱ्या पुस्तकांचा नमुना तपासला, तेव्हा १९८०च्या दशकातल्या पुस्तकांपेक्षा १८८०च्या दशकातली पुस्तकं जास्त निघाली. शंभर वर्षं जुनं सहज मिळतं आणि आपल्या लहानपणीचं मिळत नाही.

जुन्या मासिकांतल्या कथा वाचायचा मला नाद आहे. त्यांत एखादी अशी सापडते की वाटतं, ही पुन्हा छापून यायलाच हवी. मग शोध सुरू होतो. लेखिकेचं लग्नानंतरचं नाव कुठलं, त्या कधी गेल्या, मुलं किती, कुठे. मासिक बंद पडलेलं, संपादक हयात नाहीत. एखाद्या नातवाचा फोन नंबर मिळतो, तो म्हणतो, आजी लिहायची हेच मला माहीत नव्हतं. त्याची हरकत नसते, पण त्याला चार मावश्या असतात आणि त्यांतल्या एकीशी बोलणं बंद असतं. कोणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘हो’ म्हणायचा अधिकार नक्की कुणाचा, एवढंच कळत नाही, आणि ती धास्ती प्रकाशकाला पुरते. अप्रकाशित किंवा मालक न सापडणाऱ्या लेखनासाठी परवाना मागण्याची तरतूद कायद्यात आहे, पण एका कथेसाठी त्या वाटेला कोण जाईल?

याच्या उलट काय होतं तेही पाहिलेलं आहे. फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ साली आला आणि तिकीटबारीवर पडला. १९७४मध्ये हक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. फुकट मिळतोय म्हटल्यावर दूरचित्रवाणी केंद्रं तो दर नाताळात लावू लागली, आणि एका पिढीत तो अमेरिकेचा लाडका चित्रपट झाला. तसा झाल्यावर, मूळ कथेचे आणि संगीताचे हक्क आपल्याकडे आहेत असं सांगत एक कंपनी परत आली, हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध. चित्रपटांच्या बाबतीत तर वाट पाहणंच घातक असतं. फिल्म सडते. अमेरिकेच्या मूकपटांचा हिशेब तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाने मांडला, तेव्हा पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात टिकलेले फक्त १४ टक्के निघाले.

आपल्या कायद्यात गंमत अशी की चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची ६० वर्षं प्रकाशनापासूनच मोजतात. त्यामुळे एकाच गाण्यात तीन घड्याळं टिकटिकत असतात. ‘जगाच्या पाठीवर’ १९६०चा. त्या चित्रपटाची मुदत २०२० अखेर संपली. पण त्यातली गाणी लिहिणारे गदिमा १९७७ साली गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चाल २०६२ अखेरपर्यंत. चित्रपट मोकळा, आणि त्यातलं गाणं गायचं तर दोन वेगवेगळ्या दारांवर उभं राहायचं. औषध शोधणाऱ्याला पेटंटची २० वर्षं मिळतात, अर्ज केल्यापासून. कवितेची चाल औषधापेक्षा पाचपट जपण्याजोगी आहे, असं निदान औषधाची गरज पडलेला माणूस म्हणणार नाही.

एवढं सगळं म्हणूनही मी लेखकांच्या विरुद्ध बाजूला उभी आहे असं मला वाटत नाही. मीही थोडंफार लिहूनच जगते. पण लेखकाचं पोट मुदत कमी पडल्यामुळे मारलं जातं, हे मला कुठे दिसत नाही. ते मारलं जातं एकरकमी सौद्यात. मिल्टनने सही करताना पाच पौंड घेतले होते. आपल्याकडच्या गीतकार-संगीतकारांनी वर्षानुवर्षं सगळे हक्क निर्मात्याला देऊन टाकले, आणि २०१२च्या दुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही असा केला तेव्हा कुठे चित्र थोडं बदललं. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत लढा दिला होता. ही दुरुस्ती मुदतीत एका दिवसाची भर न घालता लेखकांना जे देऊन गेली, ते टागोरांच्या नावाने वाढलेली दहा वर्षं देऊ शकली नाहीत. करारात कालावधी लिहिलेला नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं मानायचं, अशीही एक चांगली तरतूद आपल्या कायद्यात आहे. पण छापील करारात ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द आधीच असतात, आणि पहिलं पुस्तक येत असताना ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. मुदत जितकी लांब, तितकं जास्त आपण त्या एका सहीने देऊन बसतो.

म्हणून मला १८४२ची तडजोड आवडते. ती थोडी बदलून घ्यावी: प्रकाशनापासून ४२ वर्षं किंवा लेखकाचं आयुष्य, यांतलं जे जास्त असेल ते. म्हातारपणी आपलंच पुस्तक दुसऱ्याने परस्पर छापलेलं कुणाला बघावं लागू नये, आणि लेखक लवकर गेला तर त्याची मुलं हाताशी येईपर्यंत आधार राहावा, ही दोन्ही कामं त्यात होतात. या हिशेबाने ‘काही कविता’ १९८९पर्यंत राखीव राहिल्या असत्या आणि ‘विशाखा’ १९९९पर्यंत. ज्याला पुढेही हवं त्याने दर काही वर्षांनी अर्ज करावा, पत्ता द्यावा, फी भरावी. निदान परवानगी कुणाकडे मागायची ते तरी कळेल.

हे होणार नाही, हे मला ठाऊक आहे. बर्न करार ५० वर्षांच्या खाली उतरू देत नाही, आणि संरक्षणासाठी अर्ज-नोंदणीची अटही घालू देत नाही. वारं उलटंच वाहतंय. जपानने २०१८मध्ये आणि कॅनडाने २०२२मध्ये ५०ची ७० वर्षं केली. दोन्ही ठिकाणी कारण साहित्याचं नव्हतंच, ते व्यापारी करारांचं होतं. मेक्सिकोत मुदत १०० वर्षांवर गेली आहे. भारत ६०वरून ५०वर परत येऊ शकतो, करार त्याच्या आड येत नाही, पण या मागणीसाठी मोर्चा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

लेखकाला स्वतःपुरतं मात्र बरंच करता येतं. आपल्या कायद्यात लेखकाने आपला हक्क, सगळा किंवा थोडा, नोटीस देऊन सोडून देण्याची सोय आहे. मृत्युपत्रात दोन ओळी लिहिता येतात. मी त्या लिहिल्या. प्रत्येक पुस्तक प्रकाशनानंतर २५ वर्षांनी सर्वांना खुलं, आणि तोवर परवानगी देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला, धाकट्या बहिणीला, म्हणजे पुढे कुणाला चार मावश्या शोधाव्या लागू नयेत. साक्षीदार म्हणून सही करायला आलेल्या भावाने कागद वाचला आणि विचारलं, “ताई, कुणी विचारायला येईल असं खरंच वाटतंय तुला?”

मी म्हटलं, “सही कर.”